घरातलं वायफाय का रुसतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पूर्वी शेजारीपाजारी भेटले की पाण्याच्या दाबाची आणि विजेच्या लपंडावाची चर्चा व्हायची. आता त्यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. "अहो, आमचं वायफाय मधेच जातं. सिग्नल पूर्ण दिसतो, पण चालत काहीच नाही." यातली गंमत अशी, की जुना राउटर वापरणाऱ्यांपेक्षा नवा, वेगवान राउटर घेतलेली मंडळीच माझ्याकडे ही तक्रार जास्त करतात. जास्त पैसे मोजले, जास्त वेगाचं कनेक्शन घेतलं आणि भरवसा मात्र कमी झाला, असं कसं?

मी बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या घरांतून "जरा येऊन बघता का" असं बोलावणं येतं आणि मीही हौसेनं जातो. त्या अनुभवावरून आज थोडं बोलायचं आहे, कारण हा प्रश्न आता सिनेमा अडकण्यापुरता राहिलेला नाही. आमच्याच इमारतीत एक आजोबा आहेत. त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. एकदा डॉक्टर गोळीचं प्रमाण बदलून सांगत होते आणि नेमका तेव्हाच कॉल तुटला. "अर्धी म्हणाले की दीड?" यावरून घरात वाद, आणि पुन्हा फोन लागेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. कुणाच्या घरी मुलीची नोकरीची मुलाखत असते, कुणाच्या घरी मुलाची परीक्षा. अशा वेळी वेग किती, हा प्रश्न गौण असतो. कनेक्शन टिकतं की नाही, एवढंच महत्त्वाचं असतं.

वेग आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही एक गोष्ट ध्यानात आली, की पुढचं सगळं सोपं होतं.

दोन पट्टे, दोन स्वभाव

सुरुवात नावापासून करू. फोनमधली वायफायची यादी उघडली, तर पुष्कळदा एकाच घराची दोन नावं दिसतात. एक साधं आणि दुसरं शेवटी 'फाइव्ह-जी' असं शेपूट लावलेलं. या शेपटाचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काहीही संबंध नाही, बरं का! मोबाइलमधला 'जी' म्हणजे जनरेशन, पिढी. ती पाचव्या पिढीची सेवा आपल्या देशात ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. राउटरच्या नावातला 'जी' मात्र गिगाहर्ट्‌झचा. रेडिओ लहरी एका सेकंदात किती वेळा आंदोलनं करतात, त्याचं हे माप. साधं नाव २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचं आणि शेपटीचं नाव ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचं.

आपल्या सरकारनं जानेवारी २००५मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त केला आणि त्याच वेळी ५ गिगाहर्ट्‌झचा काही भाग इमारतीच्या आत वापरायला मोकळा केला. पुढे ऑक्टोबर २०१८मध्ये ५ गिगाहर्ट्‌झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा भाग घरात आणि घराबाहेरही खुला झाला. आता तुलना करा. २.४ गिगाहर्ट्‌झचा अख्खा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्‌झ रुंद आहे. म्हणजे एक पेठेतली गल्ली आणि दुसरा महामार्ग!

या गल्लीत एकमेकांच्या अंगावर न जाता चालतील अशी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. एखाद्या सोसायटीत वीस-पंचवीस राउटर असले, तर तेवढ्या सगळ्यांना या तिघांतच दाटीवाटीनं बसावं लागतं. भरीला ब्लूटूथ याच पट्ट्यात आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही जवळपास याच लहरींवर अन्न तापवतो. त्याच्या दारातून किंचित गळती झाली तरी शेजारचं वायफाय अडखळतं. त्यामुळे ५ गिगाहर्ट्‌झकडे वळणं स्वाभाविक होतं.

पण हा पट्टा नवा मात्र नाही. १९९९ साली वायफायची दोन मानकं जवळजवळ एकाच वेळी जाहीर झाली. ५ गिगाहर्ट्‌झवरचं सेकंदाला ५४ मेगाबिटपर्यंत वेग देणारं होतं आणि २.४वरचं फक्त ११ मेगाबिट. तरीही बाजारात पहिली बाजी मारली ती ११ मेगाबिटवाल्यानं. त्याची उपकरणं स्वस्त होती आणि त्याचा पल्ला जास्त होता. तो पल्ल्याचा मुद्दा आजही तसाच आहे. यंत्रं सुधारली, पण निसर्गाचे नियम काही बदलले नाहीत.

काय आहे हा नियम? २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या लहरीची साडेपाच-सहा. लहर आखूड, म्हणून तिला पकडणारा अँटेनाही छोटा. अंगणात पावसात पातेलं ठेवलं आणि वाटी ठेवली, तर पाऊस तेवढाच असूनही वाटीत पाणी कमी जमणार. तसंच हे. मधे एकही भिंत नसली, तरी तेवढ्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्‌झची शक्ती साधारण पाचव्या हिश्शानंच हाती लागते.

भिंती, माळे आणि कपाटं

आणि आपल्या घरांत तर भिंती असतातच! लाकडी फळ्यांच्या, पोकळ भिंतींच्या घरातून या लहरी बऱ्यापैकी पार होतात. आपल्याकडे मात्र विटा, काँक्रीट आणि त्यात लोखंडी सळ्या. जाड काँक्रीटमधून पलीकडे निघताना ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची शक्ती शंभराव्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. जुन्या वाड्यांतल्या हातभर जाडीच्या भिंतींबद्दल तर बोलायलाच नको.

इथे एक बारकावा सांगतो. लहर भिंतीतून सरळ जाते की तिरपी, यानं फार फरक पडतो. नऊ इंची भिंत तिरकी, पंचेचाळीस अंशांच्या कोनात ओलांडली, तर लहरीला जवळजवळ तेरा इंच भिंत भेदावी लागते. म्हणून दाराच्या कोपऱ्यातल्या राउटरचा सिग्नल समोरच्या खोलीत चांगला मिळतो आणि तेवढ्याच अंतरावरच्या तिरकस खोलीत मिळत नाही.

भिंतींपेक्षाही घातक गोष्टी घरात असतात. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, न्हाणीघरावरच्या माळ्यावरची पाण्याची टाकी, माशांची पेटी. धातू लहरीला परत फिरवतो आणि पाणी तिला शोषून घेतं. आपल्याकडे राउटर बसतो कुठे? तार जिथून घरात येते तिथे, म्हणजे मुख्य दाराशी, चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे. बसवणाऱ्याचं काम पाच मिनिटांत होतं आणि आपण पुढची पाच वर्षं कुरकुरत राहतो. त्याला आधीच सांगावं, "बाबा, थोडी तार जास्त घे, पण राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी बसव." निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग "सिग्नल पूर्ण दिसतो" ही काय भानगड आहे? फोनवरच्या त्या रेघा फक्त एवढंच सांगतात, की राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो. फोनचा आवाज राउटरला किती ऐकू जातो, हे त्या सांगत नाहीत. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, फोन बिचारा छोट्या बॅटरीवर. त्यामुळे फोनचं प्रक्षेपण बहुधा दुबळंच असतं. परिणाम काय? डॉक्टरांचं बोलणं आपल्याला स्पष्ट ऐकू येतं, पण ते म्हणतात, "तुमचा आवाज तुटतोय." अशा वेळी राउटरची शक्ती वाढवून उपयोग नसतो, कारण अडचण परतीच्या वाटेवर असते.

रेघांपेक्षा आकडा पाहणं चांगलं. सिग्नल मोजणारी मोफत ॲप अँड्रॉइड फोनवर मिळतात. ती 'डीबीएम' नावाच्या मापात उणे आकडा दाखवतात. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी निदान उणे ६७ तरी हवा. उणे ७५च्या पुढे अडखळणं सुरू होतं आणि उणे ८०-८५ला तर नाव दिसतं, पण काम होत नाही. हा हिशेब चढत्या श्रेणीचा आहे. तीन आकडे खाली गेले की शक्ती निम्मी, दहा खाली गेले की दहावा हिस्सा.

आधी निदान, मग औषध

आता मुख्य मुद्दा. वायफाय त्रास देऊ लागलं की लोक दोनच गोष्टी करतात: राउटर बंद करून चालू करतात, नाहीतर नवा आणतात. ताप आला की निदान न करता औषध बदलत राहावं, तसा हा प्रकार. मी कुणाच्याही घरी गेलो की आधी चार प्रश्न विचारतो. ते तुम्ही स्वतःलाच विचारू शकता. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न: दोष तारेत आहे की हवेत? कनेक्शन गेलं, की लगेच राउटरचं बटण दाबू नका. आधी दिवे बघा. फायबरच्या डबीवर 'लॉस' नावाचा छोटा दिवा असतो. तो लाल झाला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. तुमच्या वायफायचा काही दोष नाही, कंपनीला कळवा. दिवे ठीक असतील, तर राउटरपासून पाच-सहा फुटांवर, त्याच खोलीत बसून वेगवान पट्ट्यावर अर्धा तास काम करा. तिथेही तुटत असेल, तर अंतराचा प्रश्न नाही. तिथे टिकत असेल आणि आतल्या खोलीत तुटत असेल, तर अंतर आणि भिंती हेच कारण. लॅपटॉप वायरनं जोडून पाहता आला, तर फारच चांगलं. वायरवरही अडत असेल, तर वायफायला बोल लावू नये.

दुसरा प्रश्न: सगळ्यांचं जातं की एकाचंच? एकच जुना लॅपटॉप रुसत असेल, तर राउटर बदलून काय होणार? त्या लॅपटॉपचा वायफायचा ड्रायव्हर अद्ययावत करा. काही उपकरणांना ५ गिगाहर्ट्‌झमधली सगळी चॅनेल कळत नाहीत. परदेशातून आणलेल्या एखाद्या उपकरणाला १४९च्या पुढची चॅनेल दिसतच नाहीत, कारण ते ज्या देशासाठी बनलं तिथले नियम वेगळे असतात. घरातले साधे कॅमेरे, बल्ब, प्लग यांतले पुष्कळसे तर फक्त २.४वरच चालतात. ते वेगवान पट्ट्याला जोडले जात नाहीत, हा बिघाड नव्हे.

तिसरा प्रश्न: एकाच जागी जातं की सगळीकडे? आणि चौथा: कधी जातं? यासाठी एक कागद राउटरशेजारी टाचून ठेवा. तारीख, वेळ, खोली, कुणाचा फोन, दिवे कसे होते, एवढंच लिहा. आठवडाभरात चित्र स्पष्ट होतं. रोज संध्याकाळी आठ ते दहा? मग सोसायटीतली गर्दी. दुपारी जेवण गरम करताना? मग मायक्रोवेव्ह, आणि अर्थातच २.४चा पट्टा. वीज गेल्या-आल्यावर? मग इन्व्हर्टर किंवा राउटरचा थकलेला ॲडॉप्टर. बरेच दिवस वापरलेला ॲडॉप्टर पुरेसा दाब देईनासा झाला, की राउटर स्वतःच मधूनमधून बंद-चालू होतो आणि लोक हवेला दोष देतात. कंपनीकडे तक्रार करतानाही या कागदाचा उपयोग होतो. "सारखं जातं" या तक्रारीला उत्तर देणं सोपं असतं, "सोमवारी ९.१०, बुधवारी ८.४०, दोन्ही वेळा लाल दिवा" याला उत्तर देणं अवघड असतं.

त्या आजोबांच्या घरी याच रीतीनं शोध घेतला. दिवाणखान्यात अर्ध्या तासात एकदाही कनेक्शन तुटलं नाही. त्यांच्या खोलीत मात्र आकडा उणे ७८. मधे न्हाणीघर, त्याच्या माळ्यावर टाकी आणि खोलीच्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट. राउटरच्या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं होतं. अशा वेळी कुठला पट्टा धरायचा आणि कधी सोडायचा, हे मुख्यतः फोन ठरवतो. फोन फार हट्टी असतो. दिवाणखान्यात असताना त्यानं वेगवान पट्टा धरलेला असतो. आपण आतल्या खोलीत गेलो, सिग्नल मरणासन्न झाला, तरी तो पकड सोडत नाही. शेवटी सोडतो आणि दुसरा पट्टा धरतो, तेव्हा मधल्या काही क्षणांत कॉल तुटतो.

उपाय साधा होता आणि त्याला एक पैसाही लागला नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' अशा नावाची सोय असते. ती बंद करून दोन पट्ट्यांना दोन नावं दिली. आजोबांच्या फोनला वेगवान पट्ट्याचं नाव विसरायला लावलं आणि फक्त २.४ जोडून दिला. "म्हणजे मला हळूवालं दिलंत होय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजोबा, एका व्हिडिओ कॉलला सेकंदाला तीन-चार मेगाबिट पुरतात. तेवढं हा सावकाश देईल, पण मधेच सोडून जाणार नाही." सुनेचा लॅपटॉप दिवाणखान्यात असतो, तो वेगवान पट्ट्यावरच ठेवला. ज्याचं त्याचं काम पाहून त्याला पट्टा द्यावा, हे यातलं सूत्र.

रडारला वाट देणारा राउटर

आता एका वेगळ्या, जरा नवलाच्या दोषाकडे येतो. एका घरी तक्रार अशी होती, की राउटरच्या अगदी शेजारी बसलं तरी वेगवान पट्ट्याचं नाव दिवसातून एक-दोनदा यादीतूनच नाहीसं होतं आणि थोड्या वेळानं आपोआप परत येतं. २.४चं नाव मात्र जागच्या जागी. कंपनीनं राउटर बदलून दिला, तरी तेच.

५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा मधला भाग आपल्या एकट्याच्या मालकीचा नाही. तिथे रडारं आधीपासून आहेत. पावसाच्या ढगांचा वेध घेणारी काही रडारं ५.६ गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करतात. हवामान खात्याचं मुंबईतल्या वेरावलीचं, जानेवारी २०२२मध्ये सुरू झालेलं रडारही 'सी' पट्ट्यातलं, म्हणजे याच कुळातलं. २००३ साली जिनिव्हाला झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत हा भाग वायफायला देताना अट घातली गेली, की रडारचा मान पहिला. वायफायनं तिथे पाहुण्यासारखं राहावं.

म्हणजे काय करायचं? राउटरनं त्या भागातलं चॅनेल वापरण्याआधी साठ सेकंद गप्प राहून कानोसा घ्यायचा. नंतरही कान उघडे ठेवायचे. रडारची चाहूल लागली, तर दहा सेकंदांच्या आत चॅनेल सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. ही शिस्त उगाच नाही. २००९मध्ये पोर्टो रिकोतल्या सान हुआन विमानतळाजवळच्या हवामान रडारच्या चित्रात अशाच बिनतारी इंटरनेट यंत्रांमुळे व्यत्यय आल्याचं आढळलं होतं. विमानांना वादळाची सूचना देणारं रडार आंधळं झालं, तर ते कुणाला परवडेल?

अडचण एवढीच, की राउटरचे कान काही फार तयार नसतात. कुठल्याशा यंत्राच्या फटकाऱ्यालाही तो रडार समजतो आणि प्रामाणिकपणे चॅनेल सोडून पळतो. या घरी राउटरची नोंदवही उघडली, तर तिच्यात 'रडार' हा शब्द होता आणि वेळा घरच्यांनी लिहिलेल्या वेळांशी जुळत होत्या. राउटर बिघडलेला नव्हता. तो नियम पाळत होता.

यावरचा उपाय असा. ५ गिगाहर्ट्‌झमधली ५२ ते १४४ ही चॅनेल रडारच्या शेजारची. ३६, ४०, ४४, ४८ आणि १४९, १५३, १५७, १६१ या चॅनेलना ही अट लागू नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल 'ऑटो'वर असतं. ते बदलून ३६ किंवा १४९वर पक्कं करा. दोन-दोन दिवस दोन्ही वापरून पाहा आणि जे तुमच्या घरात शांत असेल ते ठेवा. वीज आल्यावर २.४चं नाव लगेच दिसतं आणि वेगवान नाव मिनिटभरानं, या कोड्याचं उत्तरही आता तुम्हाला मिळालं असेल. तो मिनिटभर राउटर कानोसा घेत असतो.

तूप तेवढंच, भात दुप्पट

चॅनेलच्या शेजारीच आणखी एक सेटिंग असतं, चॅनेलच्या रुंदीचं. २०, ४०, ८० आणि काही राउटरवर १६० मेगाहर्ट्‌झ. जास्त रुंदी म्हणजे जास्त वेग, म्हणून दुकानातून येतानाच ती बहुधा मोठी ठेवलेली असते. पण राउटरची एकूण शक्ती काही वाढत नाही. तेवढंच तूप दुप्पट भातावर वाढावं, तशी ती पसरते, पातळ होते. रुंदी दुप्पट झाली की गोंगाटही दुप्पट गोळा होतो. राउटरसमोर बसलेल्याला याचं काही वाटत नाही. आतल्या खोलीतल्याचं मात्र कनेक्शन तुटतं. शिवाय १६०ची रुंदी निवडली, की ३६ चॅनेलवर बसलेल्या राउटरचंही एक पाऊल थेट रडारच्या भागात पडतं.

म्हणून आतल्या खोलीत वेगवान पट्टा थोडक्यासाठी कमी पडत असेल, तर रुंदी ८०वरून ४०वर आणून पाहा. वेगाची चाचणी केलीत तर आकडा कमी दिसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वेगाची चाचणी एका क्षणाचा वेग सांगते. तासभर न तुटता चाललेला कॉल ती मोजत नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस थांबा, एवढं पथ्य मात्र पाळा. जागा, चॅनेल, रुंदी, नाव सगळं एकदम बदललं, तर गुण कशानं आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करणं हाही एक बदलच समजा. ते जरूर करावं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री नको!

पाकीट उघडण्यापूर्वी

एवढं करूनही एखाद्या खोलीत सिग्नल पोचत नसेल, तर खर्चाचा विचार करायला हरकत नाही. दुकानदार बहुधा रिपीटर पुढे करतो. स्वस्तातला रिपीटर एकाच कानानं ऐकतो आणि तेच दुसऱ्याला सांगतो, म्हणून त्याच्यामागे वेग साधारण निम्मा होतो. तो लोक बसवतात कुठे? जिथे सिग्नल नाही तिथे! ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? रिपीटर बसवायचाच, तर सिग्नल जिथे अजून चांगला आहे अशा मधल्या जागी बसवावा. अनेक डब्यांची 'मेश' यंत्रणा यापेक्षा बरी, पण तिचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील, तर काँक्रीटची भिंत त्यांनाही चुकत नाही.

सगळ्यांत भरवशाचा उपाय जुनाच आहे: तार. नेटवर्कची साधी केबल शंभर मीटरपर्यंत विनातक्रार काम करते. आपल्या घराला त्याच्या चौथाईही लागत नाही. भिंतीच्या कडेनं तार आतल्या खोलीत न्या आणि तिथे दुसरं यंत्र 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून जोडा. माळ्यावर पडलेल्या जुन्या राउटरमध्ये ही सोय असेल, तर नवा घ्यायचीही गरज नाही. टीव्ही राउटरजवळच असेल, तर त्यालाही वायरनं जोडून टाका. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. टीव्ही हवेतून उतरला, की बाकीच्यांना बोलायला तेवढी सवड मिळते. भिंतीपलीकडे रेंगाळणारा एक कमकुवत फोनही असाच सगळ्यांचा वेळ खातो, कारण तेच वाक्य तो फार सावकाश आणि पुन्हा पुन्हा बोलतो.

नवं घर बांधत असाल किंवा जुन्याची दुरुस्ती काढली असेल, तर विजेच्या नळ्या टाकताना प्रत्येक खोलीत नेटवर्कच्या केबलची एक नळी टाकून घ्या. त्या वेळी खर्च नगण्य असतो. रंग झाल्यावर तीच गोष्ट भिंत फोडून करावी लागते.

या विषयात घरातली वडीलधारी मंडळी पटकन माघार घेतात. "आम्हाला यातलं काही कळत नाही, नातू आला की बघेल." पण मघाचे चार प्रश्न आठवा: तारेत की हवेत, एकाचं की सगळ्यांचं, एका जागी की सगळीकडे, आणि कधी. यांत न कळण्यासारखं काय आहे? आजच दुपारी एक कागद घ्या, घराचा साधा नकाशा काढा आणि फोन हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत दोन्ही पट्ट्यांचे आकडे त्यावर मांडा. अर्ध्या तासाचं काम आहे. तो कागद समोर असला, की उद्या दुकानात जायचं, कंपनीला फोन करायचा की नुसतं कपाट सरकवायचं, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.